जहाजावरचे इटालियन सहभोजन

क्रूझ जहाजाच्या तिकिटात मुख्य भोजनगृहातले जेवण धरलेले असते. स्पेशॅलिटी रेस्टॉरंटमध्ये मात्र बहुधा जादा पैसे मोजावे लागतात. कार्निव्हल कंपनीच्या ‘कार्निव्हल मॅजिक’ जहाजावर २०११ मध्ये सुरू झालेले ‘कुचीना देल कापितानो’ हे त्यातले ठळक उदाहरण. या कंपनीत इटालियन कप्तानांची परंपरा जुनी आहे. त्यांच्या कुटुंबांची छायाचित्रे येथे भिंतींवर लावलेली दिसतात.

पदार्थ मोठ्या ताटांत टेबलाच्या मधोमध येतात आणि ज्याने त्याने आपल्यापुरते वाढून घ्यायचे. आधी आरान्चिनी, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, किंवा तसेच काही. मग पास्ता, त्यानंतर मांस वा मासे आणि शेवटी तिरामिसू. चौघांनी चार वेगळे पदार्थ मागवले की प्रत्येकाला चारही चाखता येतात, हा या पद्धतीचा खरा आनंद. ही पद्धत अमेरिकेतल्या इटालियन उपाहारगृहांत विशेष रुजली. खुद्द इटलीतल्या उपाहारगृहात पास्ता सहसा ज्याचा त्याला स्वतंत्र मिळतो.

शाकाहारी किंवा ॲलर्जी असलेल्या प्रवाशाने मागणी देतानाच तसे सांगणे गरजेचे, कारण वाढायचा चमचा एका ताटातून दुसऱ्यात सहज जातो.