पनीरचं पाणी मोरीत ओतताना

माझ्या जाऊबाई सांगलीकडे घरच्या घरी पनीर करून हॉटेलांना पुरवतात. रोजचं पन्नास लिटर दूध, आणि पनीर निघाल्यावर उरणारं हिरवट पाणी चाळीस लिटर! थोडं कणकेत जातं, थोडं गाईला. बाकीचं मोरीतून गटारात आणि गटारातून ओढ्यात. शेवटी आळीतल्या बायका दारात आल्या, "वासानं राहवत नाही हो!"

अशात भाऊजींनी कुठेसं वाचलं, की या पाण्यापासून जंतू हायड्रोजन वायू तयार करतात. झालं! "टाकी बसवू, सिलिंडर बंद!" जाऊबाईंनी मला विचारलं, "तू सायन्सवाली ना? बघ बाई, साठवलेले पैसे घालू का यात?"

भाऊजींनी वाचलं ते खोटं नव्हतं. त्या पाण्यात शेकडा पाचेक भाग दुधातली साखर असते. हवा न मिळणाऱ्या बंद टाकीत काही जंतू ती साखर खातात आणि हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. मागे आंबट आम्लं उरतात. त्यांतल्या एकाचा वास थेट खवट लोण्याचा!

गोबरगॅसच्या टाकीतही हायड्रोजन तयार होतोच. पण तिथे दुसरे जंतू टपलेलेच असतात. ते तो खाऊन मिथेन करतात, आणि आपल्या शेगडीत जळतो तो हा मिथेन. हायड्रोजनच हवा असेल तर या खादाडांना हाकलावं लागतं. युक्ती मोठी गमतीची आहे. विरजण म्हणून गोबरगॅसचाच गाळ घ्यायचा, पण तापवून. मिथेनवाले उष्णतेने मरतात; हायड्रोजनवाल्यांपैकी काही जाड कवचाच्या बीजात दडून वाचतात. शिवाय टाकी आंबटच ठेवायची, कारण मिथेनवाल्यांना आंबटपणा सोसत नाही. खरगपूरच्या आय. आय. टी. त डॉ. देबब्रत दास यांनी अशा जंतूंवर अनेक वर्षं काम केलं आहे.

आता हिशेब. चाळीस लिटर पाण्यात साखर दोन किलो. पुस्तकी हिशेबाने हायड्रोजन हजार लिटर, प्रत्यक्षात निम्मा हाती लागला तरी पुष्कळ. पाचशे लिटर ऐकायला केवढं वाटतं! वजन मात्र पंचेचाळीस ग्रॅम, आणि उष्णता सिलिंडरमधल्या सव्वाशे ग्रॅम गॅसइतकीही नाही. बहुतेक जीव त्या आंबट पाण्यातच राहतो. तेच पाणी मिथेनवाल्यांना दिलं तर तिपटीहून जास्त उष्णता मिळते. म्हणून मोठ्या कारखान्यासाठी दोन टाक्यांची योजना सुचवतात: पहिलीत हायड्रोजन, दुसरीत उरलेल्या आम्लांचा मिथेन.

आणि घरात हायड्रोजन? मुळीच नको! त्याला वास नाही, ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, आणि हवेत शेकडा चार भाग मिसळला तरी ठिणगीने पेटतो.

मी जाऊबाईंना म्हटलं, "हायड्रोजन राहू दे, साधी गोबरगॅसची टाकी बसवा." पुण्याच्या 'आरती' संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी तयार केली, तिला २००६ साली ॲशडेन पारितोषिकही मिळालं. फक्त पनीरचं पाणी एकदम ओतायचं नाही, नाहीतर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. आधी शेण, मग रोज थोडं थोडं वाढवत जायचं.

भाऊजी जरा हिरमुसले. जाऊबाईंनी मात्र परसातली जागा मापून ठेवली आहे, आणि शेजारच्या गाईवाल्यांकडे चार पाट्या शेणाचं सांगून आल्या आहेत.