निराधारचा पगार आणि नादारीचा अर्ज

जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला अन्नत्यागाला बसले, तेव्हा शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि दिव्यांगांचे मानधन या मागण्या एकाच यादीत होत्या. वऱ्हाडातल्या कित्येक घरांतही त्या अशाच एकत्र नांदतात. सातबाऱ्यावर बोजा असतो आणि महिन्याचा खात्रीचा पैसा म्हणजे घरातल्या एकाच्या नावचा ‘निराधारचा पगार’. मग कर्ज गळ्याशी आले की प्रश्न येतोच, “दिवाळं काढलं तं पगार बंद होईन काय?”

होत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी पाहतात ते किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, कुटुंबाचे 50 हजारांच्या आतले वार्षिक उत्पन्न आणि राज्यातला 15 वर्षांचा रहिवास. कोर्टाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवले की नाही, याच्याशी तहसील कार्यालयाला कर्तव्य नाही. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचे अनुदान 1500 वरून 2500 झाले, त्यालाही अशी अट नाही. उलट बाजूचा समजही तितकाच पोकळ आहे: बँकेच्या नोटिसा अर्जाला जोडल्या म्हणून प्रकरण मंजूर होत नसते. दाखला उत्पन्नाचा लागतो, कर्जाचा नाही.

“कोर्ट घरातलं सगळंच उचलून नेते” ही भीती मात्र नीट समजून घ्यायला हवी. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झाला आहे. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या साध्या कर्जदाराला अजून 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच जिल्हा न्यायालयात जावे लागते. अर्जासाठी कर्ज किमान 500 रुपयांचे हवे, असे तो कायदा म्हणतो. शंभर वर्षांत हा आकडा बदलायची कुणाला गरज वाटली नाही. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते खरी, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाने जे जप्तीतून वगळले ते नादारीतूनही वगळलेले असते. भांडीकुंडी, अंथरूण, शेतकऱ्याची अवजारे, बियाणे, कारागिराची हत्यारे. एका पायाने अधू असलेला शिंपी ज्या मशीनवर पोट भरतो ती मशीन त्यातच येते. तीच मशीन कर्जाला तारण दिली असेल तर गोष्ट वेगळी.

पैशाचेही तसेच. पेन्शन कायदा 1871 चा, पण त्याचे 11 वे कलम शारीरिक दुर्बलतेपोटी किंवा अनुकंपेने सरकारने दिलेली पेन्शनही जप्तीबाहेर ठेवते. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या पट्ट्यात हात गेलेल्या कामगाराची नुकसानभरपाई कायद्याने जप्तीपासून सुरक्षित आहे, आणि ईएसआयचा लाभही. निवृत्तीवेतन आणि ग्रॅच्युइटीचा पैसा मुदत ठेवीत टाकला तरी त्याचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात सांगितले. अमेरिकेत एसएसआय, म्हणजे गरीब दिव्यांगांना आणि वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्याला मात्र 2000 डॉलरची मालमत्ता-मर्यादा आहे. तिकडचा नातेवाईक व्हॉट्सॲपवर घाबरवतो ते तिथल्या हिशेबाने. इकडच्या निराधारला तो नियम नाही.

नादाराचे जाते ते दुसरेच. मुक्ततेचा आदेश मिळेपर्यंत तो ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत कुठेच निवडून येऊ शकत नाही. सरपंचकी जाते, पगार जात नाही. आणि मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे आणि जामीनदार सुटत नाहीत. भावाने जामीन म्हणून सही केली असेल तर बँक त्याच्या दारी जाणारच. हे अर्ज करण्याआधी भावाला सांगितलेले बरे.

पगार अडतो तो बहुधा कोर्टापायी नाहीच. पीककर्ज थकले की शाखा बचत खात्याला ‘होल्ड’ लावते आणि त्याच खात्यात अनुदान येऊन अडकते. अनुदान आधार जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत खाते उघडून तिथे आधार सीडिंग करून घेणे हा सर्वात सरळ उपाय. होल्ड आधीच लागला असेल तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि राष्ट्रीयीकृत बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. हयातीचा दाखला चुकला म्हणून बंद पडलेला पगारही लोक कर्जाच्या माथी मारतात. आधी तहसीलमध्ये तेवढे तपासा.

2016 च्या संहितेत छोट्या कर्जदारांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची तरतूद आहे: वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, कर्ज 35 हजारांपर्यंत, स्वतःचे घर नाही. निराधारची उत्पन्नमर्यादा यात सहज बसते. पण ही तरतूद अजून अंमलातच आणलेली नाही.