जुन्या फियाटला टर्बो लावायचा, तर आधी काय विचारायचं?



मोरिवलीतल्या एका बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. सदस्य ताईंच्या मुलाने 1986 सालची प्रीमियर पद्मिनी विकत घेतली आहे. तिच्या इंजिनाला टर्बो बसवायचा, म्हणून पैसे हवेत. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. टर्बो म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या कामाला आपण पैसे देणार, ते आपल्याला समजायला नको का? म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

ही गाडी आपल्या ओळखीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून गाड्या बनू लागल्या. त्यातलीच ही पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोचली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून हौसेने सांभाळल्या जातात.

तिचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. चार माणसं बसवून माळशेज घाट चढायचा म्हटलं की ती दमते. म्हणून मुलाला टर्बो हवा.

आता चुलीकडे या. लाकडं भरपूर आहेत, पण जाळ होत नाही. आपण काय करतो? फुंकणी घेतो. हवा मिळाली की जाळ भडकतो. इंजिनाचंही तेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. इंजिनाला ताकद हवी तर नुसतं पेट्रोल वाढवून भागत नाही, हवाही वाढवावी लागते. पद्मिनीचं इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं, तेव्हा गणिताप्रमाणे ते मिनिटाला 2,178 लिटर हवा ओढतं. म्हणजे दोनशे लिटरची जवळजवळ अकरा पिंपं. प्रत्यक्षात थोडी कमीच.

टर्बो ही इंजिनाची फुंकणी. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं, ही स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची कल्पना. 1905 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. ही चक्रं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात.

हवेचा दाब दीडपट केला तर 40 ची ताकद 60 व्हायला हवी, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तेवढी होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. तापलेली हवा विरळ होते आणि दुसरा धोकाही आणते. ठिणगी पडल्यानंतर जाळ पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसतात. मिस्त्री म्हणतात, इंजिन 'नॉक' करतंय. असे घाव बसत राहिले की पिस्टन फुटतो, हेड गास्केट जाते.

डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल शेवटी फवारलं जातं. म्हणून तिथे ही अडचण नसते, आणि ट्रक-बसमध्ये टर्बो सर्रास दिसतो.

म्हणजे टर्बो विकत आणून बोल्टने कसला, एवढ्यावर काम संपत नाही. आधी जुनं इंजिन उतरवून तपासायचं. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करायचा. जास्त मजबूत पिस्टन घालायचे, ते दाब थोडा कमी ठेवतील असे. या इंजिनाचा क्रँक तीनच मुख्य बेअरिंगवर फिरतो, म्हणून दाब बेतानेच वाढवायचा. तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर लावायचा. कार्ब्युरेटर वाढीव हवेच्या हिशोबाने बदलायचा, ठिणगीची वेळ मागे घ्यायची, रेडिएटर मोठा करायचा. टर्बोला ऑइलची वेगळी नळी द्यायची. गाडी पळवून आणली की इंजिन एक-दोन मिनिटं हळू चालू ठेवायचं, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळून काजळी धरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. पळण्याची ताकद वाढवली आणि थांबण्याची नाही, तर मुलगा घरी सुखरूप येईल का?

मोठ्या कंपन्यांनाही हे सोपं गेलं नाही. अमेरिकेत 1962 साली ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली. नॉक होऊ नये म्हणून तिच्यात एक वेगळं द्रव भरावं लागे. लोक ते भरायला विसरत. पुढे अनेकांनी टर्बोच काढून टाकला. याउलट पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन पाहा. 2017 साली ती आली, तेव्हा तिच्या 1.2 लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद 110 अश्वशक्ती होती. आकार जवळजवळ पद्मिनीच्या इंजिनाएवढा, ताकद अडीच पटीहून जास्त! कारण ते इंजिन कंपनीनेच टर्बोसह बनवलेलं आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर अपघातात भरपाई अडकू शकते. आणखी एक गोष्ट. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, पण इंजिनात मोठे बदल केलेले नसतील तरच. 1986 ची पद्मिनी 2036 साली पन्नाशी गाठेल. आज घाई केली तर हा मान जाईल.

गटाने मग काय केलं? ताईंना नाही म्हटलं नाही. मुलाला बैठकीत बोलावलं. त्याने स्वतःच कागदावर हिशोब मांडला आणि टर्बोपेक्षा टर्बो सोसण्याची तयारीच महाग आहे, हे त्याला दिसलं. ब्रेक, रेडिएटर आणि इंजिनाचं मूळ काम, एवढ्यापुरतं कर्ज मंजूर झालं. हप्ता त्याच्या पगारातून. टर्बोची हौस मात्र मेलेली नाही. भंगारातलं एक इंजिन स्टँडवर बसवून तो त्यावर शिकणार आहे. आपल्या औद्योगिक भागात रोज ट्रक येतात, त्यांचे टर्बो बिघडतात. ते दुरुस्त करण्याचा हुनर हाती आला, तर उद्या हीच हौस त्याला पोट भरायला उपयोगी पडेल.

मैत्रिणींनो, कर्जाचा अर्ज यंत्राचा असो की म्हशीचा, न लाजता विचारा: हे चालतं कसं, सोसेल किती, आणि बिघडलं तर भरणार कोण?