ठरला दिवस चुकवू नये

प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायातील पांगळ्या माणसाची हकीकत आपण मिस्साच्या वेळी अनेकवार ऐकली आहे. तो जन्मतःच पांगळा होता. यरुशलेमच्या मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजापाशी त्याला आणून बसवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपाशी तो भीक मागे. पेत्राने प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने त्याला उठविले, तेव्हा त्याच्या पावलांत व घोट्यांत बळ आले, असे संत लूक सांगतो. त्या माणसाचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते, हे पुढील अध्यायावरून कळते.

या प्रसंगावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा पेत्राच्या श्रद्धेविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या माणसाला दररोज उचलून दरवाजापर्यंत आणणारे कोण होते? त्यांची नावे शास्त्रात नाहीत. त्यांच्यापाशी चमत्काराचे सामर्थ्य नव्हते. नेमाने येणे एवढेच त्यांच्या हाती होते, व ते त्यांनी केले. ज्या दिवशी पेत्र आला, त्या दिवशीही ते आले होते. आज मला त्या अनामिकांची आठवण होते ती आपल्या घरांतील काही बाळांमुळे.

सुमारे हजार बाळांमागे एक बाळ असे जन्मास येते, की ज्याचे एक किंवा दोन्ही पाऊल आत व खाली वळलेले असते. टाच वर ओढलेली असते आणि तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून असतो. डॉक्टर यास क्लबफूट म्हणतात. मुलींपेक्षा मुलांत हे व्यंग सुमारे दुप्पट आढळते, आणि अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांची दोन्ही पावले वाकडी असतात. बाळाला त्यापासून वेदना होत नाहीत. म्हणूनच घरची माणसे निश्चिंत राहतात. परंतु उपचार न झाल्यास ते मूल पुढे पावलाच्या बाहेरच्या कडेवर किंवा पाठीवर भार देऊन चालते. त्या जागी घट्टे पडतात, जखमा होतात, चपलेत पाऊल मावत नाही, आणि शेतातील काम, शाळेची वाट व लग्नाची बोलणी ही सारी त्या पावलाशी अडतात.

असे बाळ घरात आले म्हणजे दोष प्रथम आईच्या पदरात पडतो. ग्रहणात तिने विळी हाती धरली, अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असे बोल तिला ऐकावे लागतात. ख्रिस्ती घरांतूनही हे बोल मी ऐकले आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो : ग्रहणाचा व पावलाचा काडीइतका संबंध नाही. काही कुटुंबांत हे व्यंग वंशपरंपरेने येते. बहुतेकांत कोणतेही एक कारण दाखविता येत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे विचारले, तेव्हा प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले होते. आपण आईला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

या व्यंगावर आज जगभर जो उपचार मान्य झाला आहे, तो डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांचा. स्पेनच्या मिनॉर्का बेटावर १९१४ साली त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत, आणि लहानपणी तेही त्या कामात हात घालीत. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. युद्धानंतर फ्रान्स व मेक्सिको या मार्गाने ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. त्या काळी वाकड्या पावलांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. शस्त्रक्रिया झालेली मुले मोठी झाल्यावर त्यांची पावले ताठर व दुखरी होतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा बाळाच्या कोवळ्या सांध्यांना हळुवार हातानेच वळण द्यावे, असा मार्ग त्यांनी आखला. त्याचे पहिले निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले. पण वैद्यकाच्या जगाने बराच काळ त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. १९९० नंतरच्या काळात पालकांनीच एकमेकांना सांगून ही पद्धती जगभर पोहोचविली. २००९ साली डॉ. पोन्सेती निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा आज जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

हा उपचार शक्य तो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू करावा. डॉक्टर बाळाचे पाऊल काही मिनिटे हळुवारपणे वळवितात, आणि जेवढे वळले तेवढ्यावर बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून पाऊल आणखी थोडे वळवितात व नवे प्लास्टर घालतात. अशी बहुधा पाच ते सात प्लास्टरे लागतात. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेमागील आखडलेली शीर एका लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. त्यानंतरचे प्लास्टर सुमारे तीन आठवडे राहते, आणि तेवढ्यात ती शीर योग्य लांबीने पुन्हा सांधली जाते.

येथे मला अरामाचा सेनापती नामान आठवतो. अलीशा संदेष्ट्याने त्यास यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्यास सांगितले. उपाय इतका साधा, की नामानाला प्रथम रागच आला; शहाण्या चाकरांनी समजूत घातली म्हणून तो नदीत उतरला. तो सहाव्या बुडीनंतर काठावर आला असता, तर कुष्ठ अंगावर घेऊनच घरी परतला असता. प्लास्टराचेही तसेच आहे. प्रत्येक प्लास्टर मागच्या प्लास्टराने मिळविलेल्या जागेवर उभे राहते. मध्ये खंड पडला म्हणजे पाऊल मागे फिरते, आणि मिळविलेली जागा पुन्हा मिळवावी लागते.

परंतु खरी परीक्षा प्लास्टर संपल्यावर सुरू होते. पाऊल आता सरळ दिसते. शेजारणी येऊन कौतुक करतात. आणि तेव्हाच डॉक्टर एका आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट हाती देतात. पहिले तीन महिने हे बूट दिवसाच्या चोवीस तासांपैकी तेवीस तास घालावयाचे. पुढे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत. शिवाय ठरलेल्या तारखांना तपासणीस जावयाचे. पाऊल सरळ झाले तरी ते पुन्हा वळण्याची ओढ काही वर्षे टिकते, म्हणून ही खबरदारी. ज्या कुटुंबांनी बूट नेमाने वापरले त्यांच्यात शंभरांत सहा मुलांची पावले पुन्हा वळली, आणि ज्यांनी सोडले त्यांच्यात शंभरांत ऐंशीहून अधिक मुलांची, असा आयोवाच्या डॉक्टरांचा अनुभव आहे.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते एका कुटुंबाच्या नुकसानीतून शिकलो, आणि त्यात माझाही वाटा होता.

आमच्या धर्मग्रामातील एका मुलाची दोन्ही पावले अशीच होती. आईबापांनी मोठ्या कष्टाने प्लास्टरे पूर्ण केली. पहाटेची बस धरावी, दिवसाची मजुरी बुडवावी, दिवेलागणीला परत यावे, असे त्यांनी कित्येक आठवडे केले. मूल चालू लागले. ते अडीच वर्षांचे असताना तपासणीची तारीख नेमकी आमच्या फेस्ताच्या आठवड्यात आली. बाप मंडपाच्या कामातला कसबी माणूस. आई चर्चच्या पायरीशी मला भेटली व म्हणाली, “फादर, गुरुवारी इस्पितळाची तारीख आहे.” मी मुलाकडे पाहिले, ते अंगणात धावत होते. मी म्हटले, “बाई, फेस्त होऊ द्या. पुढच्या आठवड्यात जा.”

पुढच्या आठवड्यात सुगी लागली. त्यानंतर बापाला ताप आला. दरम्यान मुलाचे पाऊल वाढले आणि बूट लहान पडले. ते पाहून मोठे बूट देणे, हेच तर त्या तपासणीचे काम होते. मूल रात्री बूट घालताच आक्रंदू लागे. बोटे चेपत होती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. आजीला ते रडणे सोसवेना. तिने एका रात्री बूट काढून खुंटीला अडकविले. तिने ते निर्दयपणे केले नाही, मायेनेच केले. पाच महिन्यांनी मुलाची टाच जमिनीवरून उचलली जाऊ लागली आणि पाऊल आत वळू लागले.

पुढे त्याला पुन्हा प्लास्टरे घालावी लागली. तान्ह्या बाळाला प्लास्टर कळत नाही. तीन वर्षांच्या धावत्या मुलाला ते चांगलेच कळते. कित्येक रविवार बाप त्याला खांद्यावर घेऊन मिस्साला येत असे, आणि वेदीवरून माझी दृष्टी त्या पांढऱ्या पायांवर जाई. मी त्या घरी जाऊन क्षमा मागितली. आजी म्हणाली, “फादर, बूट मी काढले, तुम्ही नाही.” तिने मोठ्या मनाने मला मोकळे केले, पण तारीख मी हलविली होती, हे खरे. ईश्वरकृपेने ते मूल आज नीट चालते. दुसऱ्या खेपेस त्या कुटुंबाने एकही दिवस चुकविला नाही.

म्हणून काही गोष्टी कुटुंबांना विनवून सांगतो.

बाळ जन्मताच त्याची पावले पाहा. वाकडी वाटल्यास आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. काही बाळांची पावले केवळ गर्भातील बसणीमुळे वळलेली असतात आणि ती सहज सुटतात; पण हा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा, शेजारणीने नव्हे. तेल लावणाऱ्या बाईकडून पाऊल ओढून सरळ करवू नका. बाळाच्या पावलातील हाडे अजून कुर्चेसारखी मऊ असतात, आणि अडाणी हाताने ती बिघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मजात व्यंगांच्या त्याच्या यादीत क्लबफूटचा समावेश असून उपचार विनामूल्य मिळण्याची तरतूद त्यात आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

प्लास्टर कोरडे ठेवा. बोटे सुजली, पांढरी वा निळी पडली, किंवा प्लास्टर घसरून बोटे आत गेली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. बाळ बुटांत रडू लागले तर बूट काढून ठेवण्यापूर्वी टाच नीट बसली आहे काय, बूट लहान झाला आहे काय, कातडी लाल झाली आहे काय, हे पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. नव्या बुटांना बाळ बहुधा काही दिवसांतच सरावते. एखादी तारीख टाळता येणारच नसेल, तर लागलीच दुसरी मागून घ्या. ‘नंतर पाहू’ ही तारीख कोणत्याही दिनदर्शिकेत नाही.

पित्यांनो, हे काम एकट्या आईवर टाकू नका. बाळंतीण बाई, कडेवर प्लास्टरातील मूल, हाती पिशवी, आणि बसमध्ये उभे राहणे : हा भार दोघांचा आहे. सासूबाईंनी आणि आजींनी या बुटांची राखण आपल्याकडे घ्यावी. ज्या हातांनी मायेने बूट काढले जातात, त्याच हातांनी ते मायेने घातलेही जातील. शेजाऱ्यांनी अशा कुटुंबाच्या शेतावर एक दिवस काम करावे किंवा घरची थोरली मुले सांभाळावीत. पांगळ्याला मंदिराच्या दरवाजापर्यंत वाहून नेणे ते हेच.

आणि आम्हा धर्मगुरूंविषयीही एक शब्द. आमच्या धर्मग्रामात आता मुलांच्या उपचारांच्या तारखा विचारून घेतल्यावरच फेस्ताची कामे वाटली जातात. मंडप एका माणसाविना उभा राहतो. ज्या संतांच्या सन्मानासाठी आपण तो उभारतो, त्यांना बापाने आपल्या मुलाला घेऊन पहाटेची बस धरलेली अधिक आवडेल, यात मला शंका नाही.

प्रभू आपल्या बाळांच्या पावलांना बळ देवो, आणि त्यांना ठरल्या दिवशी दारापर्यंत नेणाऱ्या हातांना चिकाटी देवो.