भरतीचा तक्ता 32 किलोबाइटांत

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणा करायची, तर आधी समुद्राला विचारावे लागते. भरतीत ती वाट पाण्याखाली जाते आणि लाटांनी तिथून माणसे ओढून नेलेली आहेत. किनाऱ्यावरचे जाणते लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पाहुण्यांना मुळात तिथीच ठाऊक नसते. म्हणून एका घरगुती निवासाच्या पडवीसाठी छोटी पाटी करायला घेतली: आर्डुइनो उनो, घड्याळाचे मॉड्यूल, पडदा आणि 24सी256 ही ईईप्रॉम चिप.

नावातले 256 किलोबिट आहेत. बाइट होतात 32,768. दोन भरत्यांत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणजे भरती-ओहोटी मिळून वर्षाला साधारण 1,411 नोंदी. वर्षारंभापासूनची मिनिटे तीन बाइटांत, पाण्याची उंची एका बाइटात, झाले 5,644. अक्षरे त्याहून महाग. 16 बाय 16 ठिपक्यांच्या आकृतीला 32 बाइट लागतात. रोमन लिपीचे 95 चिन्हांत भागते. इथे जोडाक्षरे धरून 180 आकृत्या झाल्या, 5,760 बाइट. पण पाटी मराठीतच हवी होती.

एवढ्याला फॅट ही फाइल-व्यवस्था कशाला? तिचा सेक्टर 512 बाइटांचा आणि उनोची रॅम अवघी 2,048. पाव रॅम एका सेक्टरलाच द्यायची. शिवाय पाटीला फायली लिहायच्या-पुसायच्या नाहीत, फक्त वाचायच्या आहेत. मग साधी यादी पुरते. सुरुवातीच्या 16 बाइटांत ओळखखूण, आवृत्ती आणि फायलींची संख्या. पुढे प्रत्येक फायलीला 16 बाइट: नाव आठ, सुरुवात दोन, लांबी दोन, तपासबेरीज दोन, दोन राखीव. तक्ता, अक्षरे, सूचना अशा तीन फायली. 64 बाइटांत यादी संपली.

64 हा आकडा चिपचाच. ती 64 बाइटांच्या पानांत लिहिते. एका दमात पासष्टावा बाइट पाठवला तर तो निमूट त्याच पानाच्या आरंभी जाऊन बसतो, तक्रार येत नाही. म्हणून चिपवर चढवायची इमेज बनवणारी पायथनची स्क्रिप्ट प्रत्येक फाइल नव्या पानावर सुरू करते आणि उरलेली जागा एफएफने भरते; कोरी चिपही तेच वाचून दाखवते. 512 पाने, प्रत्येकी पाच मिलिसेकंदांपर्यंत. 100 किलोहर्ट्‌झवर सगळी इमेज पाच-सहा सेकंदांत चढते. मग ती परत वाचून बाइटला बाइट ताडून पाहायची. हे टाळणाऱ्याने या कामाला हात लावू नये.

पावसाळ्यात वीज कधीही जाते. पाटी चिपवर काहीच लिहीत नसल्याने अर्धवट फाइल उरण्याचा प्रश्न येत नाही. यंत्राला स्वतःच्या नोंदी ठेवायच्या असतील, तर मात्र लिटलएफएससारखी, वीज गेली तरी तगणारी व्यवस्था घ्यावी.

चिपमध्ये चार वर्षांचे तक्ते मावतात. पण भारतीय सर्वेक्षण विभाग तक्ता एकेका वर्षाचा काढतो, तेव्हा दर डिसेंबरात नवी इमेज चढवावी लागते.