माया ठेवून कापलेली पिशवी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील प्राध्यापक, पत्रकार आणि चळवळीतील कार्यकर्ते यांच्या खांद्यावर लांब पट्ट्याची एक कापडी पिशवी हमखास दिसत असे. मराठीत तिला ‘शबनम’ हे नाजूक नाव पडले. हिंदी आणि बंगाली मुलखात तिचीच बहीण ‘झोला’ म्हणून ओळखली जाते. रचना पाहू गेल्यास अगदी साधी : पुढचा-मागचा असे दोन आयत आणि त्यांना तिन्ही बाजूंनी वेढून वर खांद्यापर्यंत जाणारी एक अखंड पट्टी. शिलाई यंत्रावर हे काम दीड-दोन तासांत उरकते. सुईदोऱ्याने करावयाचे झाल्यास त्याला चार-पाच संध्याकाळी लागतात, आणि त्यांपैकी पहिल्या संध्याकाळी सुई हातात धरण्याचा प्रसंगच येत नाही.

याचे कारण कापडाच्या स्वभावात आहे. नवे सुती कापड, विशेषतः खादी, पहिल्या धुण्यात आटते. बाहेरचे कापड आणि अस्तर कमीअधिक प्रमाणात आटले, तर देखणी पिशवी एका धुण्यात सुरकुतून जाते. म्हणून दोन्ही कापडे रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, किंचित दमट असतानाच त्यांवर इस्त्री फिरवावी लागते. त्यानंतर ताणा-बाणा ओळखावयाचा. काठाला समांतर जाणारे ताण्याचे धागे मागावर आधीच ताणलेले असल्याने ओझ्याखाली फारसे लांबत नाहीत. त्यामुळे खांद्याची पट्टी नेहमी काठाच्या दिशेने कापतात. कापड वाचविण्याच्या मोहाने ती उरेब कापली, तर काही महिन्यांत पट्टा लांबून पिशवी गुडघ्याशी लोंबू लागते.

३६ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच पिशवीसाठी प्रत्येक आयत ३९ बाय साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरचा कापावा लागतो. बाजूंना आणि तळाला दीड-दीड सेंटिमीटर शिवणीसाठी, तर तोंडाशी तीन सेंटिमीटर दुमडीसाठी. पट्टी सुमारे सव्वादोन मीटर लांब. शिवणीसाठी सोडलेल्या या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. ममता आणि धनसंचय या दोहोंसाठी मराठीत जो शब्द आहे, तोच येथेही योजला जावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे. माया कमी ठेवली, तर शिवण ओझ्याने उसवते आणि दुरुस्तीला जागाच उरत नाही. जातीने शिंपी असलेल्या संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात त्यांनी गज, कात्री, सुई आणि दोरा यांची रूपके योजली आहेत. गज आधी आणि कात्री नंतर, हा क्रम या व्यवसायात कधीच बदललेला नाही.

कापण्यापूर्वी आणखी एक मुक्काम असतो, आणि निर्मितीचा खरा आनंद तेथेच आहे. पिशवीच्या दर्शनी भागावर जुन्या साडीचे, खणाचे किंवा उरलेल्या परकराचे तुकडे लावावयाचे असतील, तर ते जमिनीवर मांडून रात्रभर तसेच ठेवणे इष्ट. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात गडद निळा आणि काळा हे रंग एकच भासतात. सकाळच्या उजेडात त्यांची फारकत होते आणि आदल्या रात्री पसंत पडलेली मांडणी पुष्कळदा मोडावी लागते. गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया कागदावर आराखडा काढीत नाहीत. बंगालमधील कांथाकाम जुन्या साड्यांच्या थरांवर, अनेकदा त्याच साड्यांच्या काठांतून उसवलेल्या धाग्यांनी होत आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली ‘कवंद’ ही गोधडी कडेपासून सुरू करून फेर धरीत मध्याकडे जातात. नुकताच शिवलेला तुकडाच पुढचा तुकडा सुचवितो. हाताशी जे आहे त्याच्या मर्यादेतून नक्षी घडते. भरपूर कापड असलेल्या दुकानात बसून नक्षी सुचणे त्या मानाने अवघडच.

शिवण पिशवीच्या उलट्या बाजूने होते, म्हणजे शिवणाऱ्याला आपल्या कामाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. प्रथम कच्चा दोरा घालून पट्टी आयताला टाचावयाची, मग उलट टीप. दोरा हातभरच घ्यावा आणि त्यावरून मेण फिरवावे. वारंवार ओवण्याचा कंटाळा करून लांब दोरा घेतला, तर तो पिळतो, गाठी धरतो. दोरा ओढून घट्ट केल्यास कापडाला चुण्या पडतात, सैल सोडल्यास फट राहते.

सर्वांत कठीण जागा म्हणजे तळाचे दोन कोपरे. तेथे पट्टीला काटकोनात वळवावयाचे, तर तिच्या मायेला कात्रीने एक छोटा काप द्यावा लागतो, आणि तो शिवणीपासून दोन-तीन मिलिमीटरवर थांबावा लागतो. काप उथळ झाला, तर कोपऱ्यात गोळा होतो. तो शिवणीपलीकडे गेला, तर भोक पडते आणि सव्वादोन मीटरची अखंड पट्टी वाया जाते. टाका चुकला तर उसवता येतो. कात्रीचा काप मात्र परत घेता येत नाही. चार-पाच संध्याकाळींचे भवितव्य या एका कृतीवर अवलंबून असल्याने थकल्या हाताने कोपरा घेऊ नये, तो दुसऱ्या दिवसावर ठेवावा, हेच शहाणपणाचे.

या श्रमांचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. एका आयताभोवती ११६ सेंटिमीटर शिवण येते. बाहेरचे दोन आणि अस्तराचे दोन मिळून ४६४ सेंटिमीटर. सेंटिमीटरला तीन टाके धरल्यास सुमारे १,४०० टाके. मिनिटाला दहा या गतीने केवळ याच कामाला दोन तास वीस मिनिटे लागतात. कापडाची तयारी, मांडणी, टाचण, कोपरे, दुहेरी घडीचा पट्टा आणि तोंडाची तुरपाई धरून एकूण नऊ तास सहज होतात. समजा, साहित्याचा खर्च १८० रुपये आणि विक्रीची किंमत ३५० रुपये. उरलेल्या १७० रुपयांना नवांनी भागल्यास शिवणारीच्या पदरी तासाला १९ रुपयेही पडत नाहीत. तासाला अवघे ६० रुपये धरले, तरी त्या पिशवीची रास्त किंमत ७२० रुपये होते.

बँकांच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून आरंभिलेल्या बचत गट जोडणी कार्यक्रमातून असंख्य स्त्रिया बँकेच्या दारी आल्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. तीत पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने, १८ महिन्यांच्या मुदतीवर देण्याची तरतूद करण्यात आली. अशा कर्जासाठी खर्चाचा अंदाज मांडताना कापड, दोरा, यंत्र यांचे आकडे काटेकोर लिहिले जातात. स्वतःच्या मजुरीचा रकाना मात्र कोरा राहतो. मग हप्ता फेडावयाचा कशातून, तर याच न लिहिलेल्या तासांतून. यंत्र घेतल्याने सरळ शिवणींचा वेळ वाचतो हे खरे; भिजवणे, मांडणे आणि कोपरा वळविणे यांचा वेळ तेवढाच राहतो, आणि तोही किमतीत धरावा लागतो.

पिशवी सुलट करून कोपरे बोथट काडीने बाहेर काढले, की अस्तर आत बसवावयाचे. ते सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान असावे, नाहीतर आत फुगते. पट्टा जेथे तोंडाशी येतो तेथे टाके तीनदा फिरवावेत, कारण ओझ्याचा पहिला झटका त्याच जागी बसतो. पट्टीच्या दोन टोकांचा सांधा खांद्यावर कधीच येऊ देत नाहीत. तो तळाशी, अस्तराखाली घेतात, जेथे दोन्ही बाजूंच्या शिवणी त्याला धरून ठेवतात. प्रदर्शनातील बहुतेक गिऱ्हाइके रंग पाहून आणि किंमत विचारून पुढे जातात. जाणते गिऱ्हाईक पिशवीत हात घालून तो सांधा बोटांनी चाचपते आणि मगच भाव विचारते.