पापणिकाची दृष्टी

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात 'पापणिक', म्हणजे दुकानदार, याच्याविषयी दोन सुत्ते आहेत. सकाळी, दुपारी व सायंकाळी जो कामात दक्ष असतो तोच संपत्ती मिळवतो व वाढवतो, असे पहिले सुत्त सांगते. दुसऱ्यात त्याचे तीन गुण येतात : चक्खुमा, म्हणजे भाव व नफा ओळखणारा, विधुरो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल, आणि निस्सयसंपन्नो, म्हणजे ज्याला धनिक विश्वासाने भांडवल देतात व वेळोवेळी परतफेड करावयास सांगतात असा. येथे आधीच बांधून घेतलेल्या उद्दिष्टाला स्थान नाही. महत्त्व आहे ते नित्य अवलोकनाला.

पावसावर बाजार हलणाऱ्या जालना जिल्ह्यात याचे मोल अधिक जाणवते. येथेच बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ केला. १९६४ साली 'महिको' स्थापन झाली आणि पुढे ज्वारी, बाजरी, कापूस यांच्या संकरित वाणांपर्यंत कार्य विस्तारले. एकाच पिकाला ते चिकटून राहिले नाहीत.

मात्र लवचीकपणालाही मर्यादा आहे. कर्ज काढून किराणा दुकान मांडणाऱ्या आपल्या तरुणाने दुष्काळात माल कमी भरला, नफ्याचा अंदाज खाली आणला, तर त्यात कमीपणा नाही. पण तूट भरून काढण्यासाठी त्याने दारू विकावी काय? पंचकनिपातातील वणिज्जा सुत्त शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकास वर्ज्य ठरवते. म्हणून आम्ही म्हणतो : उद्दिष्ट बदलावे, शील बदलू नये.